लाल बटण: एका मिक्सर दुरुस्तीवाल्याच्या व्हिडिओंची हकिकत

पार्श्वभूमी

मिक्सर उलटा केला की तळाला एक छोटं बटण दिसतं. काही कंपन्यांचं काळं असतं, पण बोलताना सगळे लाल बटणच म्हणतात. हे ओव्हरलोड स्विचचं बटण. घट्ट वाटण, ओलं खोबरं किंवा भिजवलेली डाळ पाणी न घालता फिरवली की मोटरवर भार येतो, ती जास्त वीज ओढते आणि जळू नये म्हणून हा स्विच आपणहून प्रवाह तोडतो. मिक्सर मुका होतो. पाच-दहा मिनिटं थांबायचं, बटण आत दाबायचं, मिक्सर चालू. दुरुस्ती काहीच नाही, खर्चही नाही.

या बटणापायी पुण्यातल्या एका काकांनी वयाच्या ५८व्या वर्षी व्हिडिओ करायला घेतले. काकांचं नाव, पेठ आणि ओळख पटेल असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत. मी शनिवार-रविवारी व्हिडिओ बनवण्याचे वर्ग घेते. काकांची मुलगी २०२१ साली माझ्याकडे यायची, त्यामुळे पुढचं बरंचसं मी जवळून पाहिलं. एका ठिकाणी माझाही हात आहे आणि तो फारसा अभिमानाचा नाही.

दुकान मध्यवस्तीतल्या एका वाड्याच्या रस्त्याकडच्या खोलीत. पुढे काउंटर, मागे भिंतभर फळ्यांवर मिक्सर आणि त्यांची भांडी. इस्त्र्या आणि टेबलफॅनही येतात, पण पोट मिक्सरवर. कपलर (मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा), कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे), बुश, वॉशर असला सुट्या भागांचा माल बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणायचा, सकाळी दहाला शटर वर, दुपारी एक ते चार बंद. काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या नेमकी डोळ्यांसमोर येईल अशी एक पाटी:

‘मिक्सर बंद पडल्यास प्रथम उलटा करून लाल बटण दाबून पाहावे. इथे येऊन दाबून घेतल्यास रु. २० पडतील.’

पुण्याबाहेरच्या वाचकाला हा उद्धटपणा वाटेल. मला ती पाटी म्हणजे काकांचा पहिला व्हिडिओ वाटते. तोच मजकूर, तोच सूर, तोच वैताग. फक्त ती दुकानात आल्यावरच वाचता यायची, म्हणजे मिक्सर पिशवीत घालून, रिक्षा करून माणूस येऊन पोचल्यावर.

अडचण

२५ मार्च २०२० पासून टाळेबंदी सुरू झाली आणि एप्रिलमध्ये मध्यवस्तीतल्या पेठा सील झाल्या. दुकान बंद. पण शहरातले मिक्सर मात्र कधी नव्हे इतके चालत होते. घरातली सगळी माणसं घरात, बाहेरचं खाणं बंद, सकाळी इडली, दुपारी चटणी, संध्याकाळी पुन्हा काहीतरी. मिक्सरच्या पट्टीवर छापलेलं असतं, की पाच मिनिटं चालवा, दोन मिनिटं थांबा. ते वाचतं कोण?

काकांचा नंबर जुन्या बिलांवर होता. फोन सुरू झाले. दिवसाला दहा, बारा, कधी वीस. त्यातले बहुतेक लाल बटणाचे. आणि फोनवर ते बटण समजावणं किती कठीण आहे हे काकांना तेव्हा कळलं. ‘उलटा करा’ म्हटलं की लोक भांडं उलटं करत. ‘खाली बघा’ म्हटलं की ओट्याखाली बघत. एका गृहस्थांनी पंधरा मिनिटं शोधून वेग बदलायची खुंटीच दाबून पाहिली आणि वर काकांना म्हणाले, ‘तुमच्या त्या बटणात काही अर्थ नाही.’

कोथरूडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. एकट्या राहायच्या, त्यांना सगळे बाई म्हणायचे, काकाही. त्यांचा मिक्सर अर्धी डाळ वाटून थांबला. त्यांनी तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, ‘अहो, तुम्ही बोलता ते मला ऐकू येतंय, दिसत नाहीये.’

काकांनी फोन ठेवला. घरातला स्वतःचाच मिक्सर उलटा करून ओट्यावर ठेवला, मुलीला म्हणाले, ‘धर गं फोन, असा, हाताच्या वर.’ १ मिनिट १० सेकंद. चेहरा नाही, फक्त दोन हात. मागे कुकरची शिट्टी. सुरुवात ‘हं, बघा बाई’ अशी. तो व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर बाईंना गेला. पाच मिनिटांनी त्यांचा निरोप आला, की वडे झाले.

या टप्प्यावर काकांना ‘तुम्हाला व्हिडिओ करायची प्रेरणा कुठून मिळाली?’ असं कुणी विचारलं असतं, तर त्यांना प्रश्नच कळला नसता. ते व्हिडिओ करत नव्हते, चौथा फोन टाळत होते.

थोडं विषयांतर: लोक सुरू का करतात

माझ्या वर्गाच्या प्रवेश अर्जात एक रकाना होता: ‘तुम्हाला व्हिडिओ का बनवायचे आहेत?’ उत्तरं ठरलेली. पॅशन. पैसे. ओळख निर्माण करणं. मराठीसाठी काहीतरी करायचं आहे. अमुक एक जण किती कमावतो ते पाहिलं. यात खोटं कुणीच लिहीत नाही. पण ही उत्तरं लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओनंतर थांबताना मी पाहिले आहेत.

यूट्यूबचा स्वतःचा जन्मही यापेक्षा फार वेगळा नाही. २००५ मध्ये तिघा संस्थापकांच्या डोक्यात आधी वधू-वर सूचक मंडळाच्या जातकुळीतलं काहीतरी होतं. लोकांनी स्वतःची ओळख करून देणारे व्हिडिओ टाकावेत अशी कल्पना. कुणी टाकेना, म्हणून पैसे देऊ करणारी जाहिरातही दिली. तरी नाही. २३ एप्रिल २००५ ला चढलेला पहिला व्हिडिओ १९ सेकंदांचा आहे. संस्थापकांपैकी जावेद करीम सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून त्यांच्या सोंडा लांब असतात एवढंच सांगतो. लोक आले ते आपापली कारणं घेऊन.

सलमान खान (अमेरिकेतला, खान अकॅडमीवाला) याची गोष्ट तर सरळच आहे. २००४ मध्ये दुसऱ्या शहरात राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला, नादियाला, तो फोनवरून गणित शिकवायला लागला. मग इतर भावंडं आली, सगळ्यांच्या वेळा जुळेनात, म्हणून २००६ पासून तो धडे यूट्यूबवर टाकू लागला. एका मुलीचं गणित अडलं होतं. संस्था वगैरे नंतर.

भारतात यात एक साधं अर्थशास्त्र मिसळलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि व्हिडिओ पाठवताना मनात येणारा ‘किती एमबी जाईल’ हा प्रश्न संपला. काकांनी बाईंना तो व्हिडिओ २०१४ साली पाठवला नसता. पाठवला असता तरी बाईंनी उघडला नसता.

काकांचं प्रकरण पाहिल्यापासून मी अर्जातला तो रकाना काढून टाकला. आता विचारते: ‘गेल्या महिन्यात लोकांनी तुम्हाला कुठला प्रश्न सगळ्यात जास्त वेळा विचारला?’ ज्याला या प्रश्नाचं उत्तर चटकन देता येतं, तो टिकतो असा माझा अनुभव. अपवाद असतील.

पहिला निर्णय: चॅनेल काढायचं की नाही

बाईंनी तो व्हिडिओ आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. जुलैमध्ये, १३ ते २३ तारखेच्या पुण्यातल्या टाळेबंदीत, तो फिरत फिरत काकूंच्या भिशीच्या ग्रुपवर येऊन पोचला. काकू म्हणाल्या, ‘अहो, हा तुमचा हात.’ अंगठ्याजवळच्या जुन्या भाजल्याच्या डागावरून ओळखला. तोवर काकांनी आणखी चार-पाच व्हिडिओ करून पाठवले होते: कपलर झिजलाय हे कसं ओळखावं, भांड्याखालून पाणी गळलं तर काय, ब्रश जळल्याचा वास आणि वाटणाचा वास यांतला फरक.

मग २०२१ च्या सुरुवातीला मुलीला तोच पहिला व्हिडिओ यूट्यूबवर एका अनोळखी चॅनेलवर सापडला. काकांचा आवाज काढून टाकलेला, वर ढोलकीचं संगीत, खाली ‘घरगुती जुगाड’ असं शीर्षक. हजारोंनी पाहिलेला. काका शांत माणूस आहेत, पण त्या दिवशी त्यांनी दुकान चारला उघडलं नाही. ‘हात माझे, मिक्सर माझा, कुकर माझा. आणि हा जुगाड म्हणतोय? जुगाड नाही तो, स्विच आहे!’

त्यांना राग चोरीचा नव्हता, जुगाड या शब्दाचा होता, असं मुलगी सांगते. मला ते पटतं.

पर्याय चार होते आणि घरात त्यावर आठवडाभर खल झाला.

काहीच करायचं नाही, हा पहिला. काकू याच मताच्या. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: ‘सगळं फुकट दाखवलंत तर दुकानात कोण येईल? स्वतःच्या पोटावर पाय.’ वीस रुपयेवाली गिऱ्हाइकं महिन्याला पाच-सहाशे रुपये देऊन जात, हे त्यांना माहीत होतं.

दुसरा, व्हॉट्सअॅपवरच राहायचं. ओळखीच्यांपुरतं. पण फॉरवर्ड झालेल्या व्हिडिओवर मालकाचं नाव राहत नाही, हे तर नुकतंच दिसलं होतं.

तिसरा पर्याय मी सुचवला होता. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ म्हणून टाकायचे. शोधात येत नाहीत, ज्याच्याकडे लिंक आहे त्यालाच दिसतात. बिलावर आणि काउंटरवर क्यूआर कोड लावायचा. दुकानाचा माणूस दुकानाच्याच गिऱ्हाइकाला सांगतोय, एवढंच.

चौथा, उघड चॅनेल.

काकांनी चौथा निवडला. त्यांनी दिलेलं कारण मी वहीत लिहून ठेवलं आहे. ‘मॅडम, लपवून ठेवलं तर तो जुगाडवालाच खरा ठरेल.’

चोरलेल्या व्हिडिओचं काय केलं, तर आधी त्या चॅनेलवर सभ्यपणे प्रतिक्रिया लिहून काढायला सांगितलं. उत्तर नाही. मग कॉपीराइटच्या अर्जातून तक्रार केली. ती मुलीच्या नावाने केली, कारण कॅमेरा तिच्या हातात होता. काही दिवसांत व्हिडिओ उतरला. अशा तक्रारीने त्या चॅनेलवर स्ट्राइक, म्हणजे यूट्यूबची ताकीद, बसतो आणि ९० दिवसांत तीन झाले तर चॅनेल जाऊ शकतं. काकांना हे कळल्यावर जरा वाईटच वाटलं. ‘पोरगा असेल कुणीतरी,’ म्हणाले.

माझा हातभार

चॅनेल सुरू झालं तेव्हा मुलीने मला दुकानात नेलं. मी माझ्या परीने ‘सुधारणा’ केल्या. फोनला तिपाई, काउंटरवर दोन दिवे, शर्टाला लावायचा माइक, सुरुवातीला सात सेकंदांचं नाव-गाव-संगीत, आणि ‘नमस्कार मंडळी’. रस्त्याचा आवाज नको म्हणून शटर अर्धं खाली.

पाच व्हिडिओ असे केले. यूट्यूब दाखवतं त्या आलेखात दिसत होतं, की पाहणारे पहिल्या दहा सेकंदांतच निघून जातायत. साहजिक आहे. ज्याचं वाटण अर्धं अडकलंय त्याला संगीत नको असतं. बाईंनीही फोन करून काकांना सांगितलं, ‘तुम्ही बातम्यांसारखं बोलायला लागलात.’ सहाव्या व्हिडिओपासून शटर पूर्ण वर, दिवा एकच, सुरुवात ‘हं, बघा’. माइक तेवढा राहिला. मी वर्गात कायम सांगत आले, की आवाज स्वच्छ हवा. तो हवाच. पण मागे कुणीतरी ‘झाला का हो माझा मिक्सर?’ विचारतंय आणि काका मान न वळवता ‘उद्या’ म्हणतायत, तो आवाज काढायचा नसतो, हे मी तिथे शिकले.

याच काळातली एक गंमत, जी गंमत राहिली नाही. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरायची पद्धत आहे. मिक्सरच्या भांड्यांवरही काही जण कोरून घेतात. एका व्हिडिओत भांड्यावरचं पूर्ण नाव, लग्नाची तारीख आणि देणाऱ्या मावशीचं नाव असं सगळं स्पष्ट दिसत होतं. त्या घरचे गृहस्थ दुकानात आले. ‘आमचं भांडं जगाला का दाखवताय?’ काकांनी त्याच दिवशी तो व्हिडिओ काढला आणि तेव्हापासून चित्रीकरणासाठी तपकीर गल्लीतून एक जुनं, बिननावाचं भांडं आणून ठेवलं. परवानगी मागणं सोपं होतं, पण ‘मागितली तर भिडेखातर हो म्हणतात’ असं काकांचं मत पडलं.

पुतण्या येतो

२०२२ मध्ये काकांचा पुतण्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला होता. हुशार, उत्साही, आणि त्याने हिशेब मांडला. जाहिरातींचे पैसे मिळायला तेव्हा १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागायचं. हा नियम २०१८ पासूनचा. ४,००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. माणूस सरासरी तीन मिनिटं थांबला तर ८० हजार वेळा पाहिलं जायला हवं. काकांचे व्हिडिओ दीड मिनिटाचे, मराठीत, आणि काम झालं की माणूस बंद करतो. ‘काका, तुमचे व्हिडिओ इतके चांगले आहेत की लोक लगेच निघून जातात,’ असं तो म्हणाला. विनोद नव्हता, अडचणीचं अचूक निदान होतं.

मग लांब व्हिडिओ. मग हिंदी. काकांची हिंदी म्हणजे ‘इसको थोडा आंबट वास आता है’ या जातीची, तरी लोकांना ती आवडली. छोट्या शॉर्ट्सचाही प्रयोग झाला, पण शॉर्ट्सच्या फीडमधले तास त्या ४,००० मध्ये धरत नाहीत, म्हणून तो सोडला. आणि मग मोटर उघडून ब्रश बदलण्याचा १४ मिनिटांचा व्हिडिओ, ज्याच्या चित्रावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत ‘दुकानवाला ये नहीं बताएगा’. लिहिणारा दुकानवाल्याचा पुतण्या, बोलणारा खुद्द दुकानवाला. काकांनी ते वाचलं, हसले, सोडून दिलं.

मला विचाराल तर प्रकरण इथे वळलं, आणि तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. तोवर प्रत्येक व्हिडिओ कुणातरी एका माणसाच्या प्रश्नातून निघालेला होता. काका सांगू शकायचे, की हा बाईंचा, हा औंधच्या डॉक्टरांचा, हा खानावळवाल्या ताईंचा. मोटरचा व्हिडिओ कुणाचा? कुणीच विचारला नव्हता. तो ४,००० तासांचा होता.

तो चालला मात्र दणकून. काही महिन्यांत सबस्क्रायबर हजाराच्या पुढे, एकूण तास ३,४०० च्या आसपास. त्यातले २,००० हून अधिक या एकट्याचे.

शॉक

२०२३ च्या पावसाळ्यात त्या व्हिडिओखाली एक प्रतिक्रिया आली. एका तरुणाने आईचा मिक्सर व्हिडिओ बघत बघत उघडला होता. बोर्डावरचं बटण बंद केलं होतं, प्लग काढला नव्हता. त्या घरच्या बोर्डाचं वायरिंग उलटं असावं, बटणाने न्यूट्रल (परतीची तार) तुटत होता आणि फेज (वीज आणणारी तार) तसाच. त्याला जोरात शॉक बसला, हात मागे फेकला गेला, कोपर भिंतीवर आपटलं. बाकी ठीक. तक्रार नव्हती, उलट त्याने लिहिलं होतं, ‘मेरी ही गलती थी.’

काकांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग पुन्हा. व्हिडिओ सुरू होतो तेव्हा मिक्सर काउंटरवर उलटा ठेवलेला आहे आणि वायर काउंटरखाली गेलेली आहे. प्लग काढलेला होता. गेली चाळीस वर्षं काकांचा हात सगळ्यात आधी प्लगकडेच जातो. पण तो हात जाताना कॅमेरा सुरू झालेला नव्हता. आणि १४ मिनिटांत प्लग हा शब्द एकदाही आलेला नाही.

पहिल्या, बाईंसाठीच्या व्हिडिओत तो आहे. ‘हं, बघा बाई, आधी हा प्लग काढायचा.’ बाई समोर होत्या, म्हणजे मनासमोर, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या. त्यांना काय काय सांगावं लागेल हे काकांना माहीत होतं. हजारो अनोळखी लोकांना काय सांगावं लागेल हे कुणाला माहीत असतं?

दुसरा निर्णय: त्या व्हिडिओचं काय करायचं

रविवारी दुकान बंद ठेवून बैठक झाली. काका, काकू, मुलगी, पुतण्या, मी. चहा दोनदा.

पुतण्याने वर्णनात सूचना लिहू म्हटलं, आणि प्रतिक्रियांत सगळ्यात वर ‘आधी प्लग काढा’ असं चिकटवू. मुलीने विचारलं, वर्णन कोण वाचतं? मिक्सर उघडून बसलेला माणूस तर नाहीच.

व्हिडिओत सुरुवातीला इशारा जोडता येईल का? नाही. यूट्यूबवर एकदा चढलेल्या व्हिडिओतून तुकडा कापता येतो, पण नवीन तुकडा घालता येत नाही, आणि त्याच पत्त्यावर दुसरी फाइलही ठेवता येत नाही. नवा करून नव्याने टाकायचा, म्हणजे जुन्याची सगळी पुण्याई शून्यावर.

जुना खासगी करून ठेवायचा, हा तिसरा मार्ग. पण ४,००० तासांत फक्त सगळ्यांना दिसणाऱ्या व्हिडिओंचे तास मोजले जातात. खासगी केला की ३,४०० वरून थेट १,४०० च्या खाली. पुतण्याचा सात-आठ महिन्यांचा खटाटोप एका टिचकीत जाणार होता आणि त्याचा चेहरा पडला, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. तो लोभी नव्हता. फी त्यानेच कर्ज काढून भरली होती, आणि पहिले पैसे काकांच्या हातात ठेवायचे असं त्याने ठरवलं होतं. त्याने शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, ‘सहाशे तास राहिलेत. दोन महिने थांबू या?’

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग काकू, ज्या पहिल्यापासून व्हिडिओंच्या विरोधात होत्या, त्या म्हणाल्या, ‘दोन महिन्यांत किती जण उघडतील रे मिक्सर?’

काकांनी फोन पुतण्याकडे दिला. ‘तूच कर. मला ते कुठे असतं सापडत नाही.’

निष्पत्ती

पैसे सुरू झाले नाहीत, आजही नाहीत. पुतण्या नोकरीला लागला, काही महिने दुकानाकडे फिरकला नाही, मग गणपतीत आला आणि गोष्ट मिटली. त्याने स्वतःचं वेगळं चॅनेल काढलं आहे, प्लेसमेंटच्या मुलाखतींविषयी. ज्युनिअर मुलं सारखी तेच विचारत होती म्हणे.

काकांच्या चॅनेलवर साठेक व्हिडिओ आहेत, पुन्हा मराठीत, पुन्हा दीड-दोन मिनिटांचे. काउंटरवर क्यूआर कोड आहे. वीस रुपयेवाली गिऱ्हाइकं जवळपास संपली, काकूंचं भाकीत तेवढं खरं ठरलं. त्या जागी हडपसर, चिंचवडहून लोक येतात आणि आल्या आल्या ‘कपलर गेलाय, आटे उलटे आहेत का बघा’ असं निदानासकट सांगतात. यामुळे उत्पन्न वाढलं का? काका म्हणतात, ‘फरक नाही. पण वाद कमी झालेत.’ पूर्वी ‘तीनशे कशाचे?’ यावर रोज हुज्जत व्हायची. आता लोकांनी ब्रश कुठे बसतो ते पाहिलेलं असतं.

दुपारी एक ते चार ही वेळ चित्रीकरणात जाते. डुलकी गेली. याची तक्रार मात्र ते प्रत्येक भेटीत करतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझी चूक. मी दिवे आणि माइक शिकवले, पण ‘कामाची पहिली कृती कॅमेऱ्यासमोर झाली पाहिजे’ हे शिकवलं नाही. जो माणूस हातात मुरलेलं काम दाखवतो, त्याच्या सवयीतल्या गोष्टी त्यालाच दिसत नसतात. तिथे न शिकलेला एक माणूस कॅमेऱ्यामागे हवा, जो विचारेल, ‘हे आत्ता काय केलंत?’ पहिल्या व्हिडिओंत ते काम मुलगी नकळत करत होती. तिला कामातलं ओ की ठो कळत नव्हतं, तोच फायदा होता. पुतण्या अभियंता. त्यालाही प्लग गृहीतच होता.

अनलिस्टेडचा माझा पर्याय चुकीचा होता असं आजही वाटत नाही, पण तो सगळ्यांसाठी एकच ठेवायला नको होता. बटण, वॉशर, कपलर उघड ठेवायचे, आणि बॉडीचा स्क्रू निघतो तिथून पुढचं फक्त शिकाऊ कारागिरांना लिंकने द्यायचं. तशी विभागणी आम्हाला कुणालाच सुचली नाही, कारण आम्ही ‘व्हिडिओ करायचे की नाही’ यावरच भांडत होतो.

पैशाचं उद्दिष्ट ठेवण्यात गैर काही नव्हतं. काकांना गरज होती, पुतण्यालाही होती. पण ते ठेवलं त्या दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं, की आता व्हिडिओ कुणाला दाखवतोय. हिंदीत गेल्यावर, लांब झाल्यावर, पलीकडचा माणूस बदलला. पूर्वीचा माणूस बटण दाबून थांबणारा होता. नवा माणूस पेचकस घेऊन बसलेला होता. त्याच्याशी त्याच सुरात बोलून चालणार नव्हतं.

आणि मूळ फायली जपायला हव्या होत्या. मोटरच्या व्हिडिओचं न कापलेलं चित्रीकरण पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपबरोबर गेलं. प्लग काढतानाचा तुकडा त्यात असेलही, आता कळायचा मार्ग नाही.

काकांनी तो व्हिडिओ नव्याने करायला घेतला आहे. सुरुवातीला प्लग हातात धरून कॅमेऱ्यापुढे आणायचा, तो पूर्ण वेळ चौकटीत काउंटरवर पडलेला दिसला पाहिजे, असं ठरलं आहे. चार वेळा करून झाला. एकदा प्लग हाताच्या धक्क्याने चौकटीबाहेर गेला, एकदा मागच्या गिऱ्हाइकाने मध्येच दुसरा मिक्सर लावला, एकदा काका स्वतःच ‘हे सगळ्यांना माहीतच असतं’ असं म्हणून गेले आणि मुलीने तिथेच थांबवलं. चौथा मला ठीक वाटला होता. काकांना नाही. अजून टाकलेला नाही.